वर्षभरानंतर तो रुग्ण चालतो का?

हाडाची शस्त्रक्रिया फसल्याची एखादी बातमी आली की आपल्याकडे दोन छावण्या लगेच उभ्या राहतात. एक म्हणते, डॉक्टरांनी पैशासाठी नको असलेला गुडघा बदलला, हलक्या प्रतीचा रॉड टाकला, पाय घालवला. दुसरी म्हणते, गुंतागुंत म्हणजे निष्काळजीपणा नव्हे, आणि लोक असेच अंगावर येत राहिले तर उद्या अवघड रुग्णाला कुणी हात लावणार नाही. दोन्ही बाजू तावातावानं बोलतात आणि दोन्ही बाजूंच्या हातात एकही आकडा नसतो. ज्या रुग्णालयावरून हा वाद पेटला, तिथं गेल्या वर्षी मांडीच्या हाडाच्या किती शस्त्रक्रिया झाल्या, किती जणांचं हाड जुळलं, किती जखमांत पू झाला, किती जणांना पुन्हा टेबलावर घ्यावं लागलं? रुग्णाच्या घरच्यांना हे ठाऊक नसतं, बातमी देणाऱ्याला नसतं आणि बहुतेक वेळा खुद्द रुग्णालयालाही नसतं. माझं म्हणणं असं आहे की गुंतागुंत हा गुन्हा नाही. पण ती न मोजणं ही आता खपवून घेण्याजोगी गोष्ट राहिलेली नाही. निदान खुब्याचं फ्रॅक्चर आणि सांधेबदल या दोन शस्त्रक्रियांसाठी तरी प्रत्येक रुग्णाची वर्षभरानंतरची स्थिती नोंदवणं बंधनकारक व्हायला हवं, आणि त्या नोंदी रुग्णालयनिहाय लोकांसमोर यायला हव्यात.

डॉक्टरांच्या बाजूचं म्हणणं आधी नीट ऐकू, कारण त्यात पुष्कळ तथ्य आहे. मार्च २०१७ मध्ये धुळ्याच्या शासकीय रुग्णालयात अस्थिरोग विभागातल्या एका निवासी डॉक्टरला जमावानं मारहाण केली. अपघातातल्या रुग्णाच्या डोक्याला मार होता, तिथं न्यूरोसर्जन नव्हता, आणि रुग्णाला दुसरीकडे हलवावं लागेल असं तो सांगत होता. त्याच्या डोळ्याला गंभीर इजा झाली. डॉक्टरांवरच्या हल्ल्यांविरुद्धचा कायदा महाराष्ट्रात २०१० पासून असूनही हे घडलं. ज्या पेशातल्या माणसाला असा मार खावा लागतो, त्याला 'तुमच्या अपयशांची यादी जाहीर करा' असं सांगणं हा त्याला अन्याय वाटला तर नवल नाही. शिवाय हाड ही फार स्वतंत्र वृत्तीची गोष्ट आहे. नडगीच्या पुढच्या बाजूला कातडीखाली मांसाचा थर जवळपास नसतोच. मोटारसायकल घसरून ते हाड कातडी फाडून बाहेर आलं, त्यात रस्त्याची माती गेली, की उत्तमातला उत्तम सर्जनही जंतुसंसर्ग होणार नाही याची पूर्ण हमी देऊ शकत नाही. उघड्या फ्रॅक्चरची गुस्तिलो आणि अँडरसन या सर्जनांनी १९७६ मध्ये मांडलेली प्रतवारी आजही वापरतात, ती याच कारणानं: प्रत जितकी वरची, म्हणजे जखम जितकी गंभीर, तितका धोका कित्येक पटींनी वाढतो. मांडीच्या हाडाच्या मानेशी, म्हणजे खुब्यातल्या गोळ्याखालच्या अरुंद भागात, फ्रॅक्चर झालं तर त्या गोळ्याला रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या पडतानाच तुटतात. सर्जननं स्क्रू अगदी जागच्या जागी बसवले तरी काही महिन्यांनी तो गोळा मरू शकतो. त्यात मधुमेह, तंबाखू आणि कुपोषण यांची भर. एक्स-रे पाहून शेजारचा माणूस म्हणतो, 'बघा, रॉड वाकडा टाकलाय.' प्रत्यक्षात रॉड वाकतो किंवा तुटतो तो बहुधा हाड वेळेत न जुळल्यामुळे. धातू किती महिने भार सोसणार?

वृद्धांच्या खुब्याच्या फ्रॅक्चरबाबत तर गैरसमज आणखी खोल आहे. न्हाणीघरात घसरून पडलेली ऐंशीची आजी शस्त्रक्रियेनंतर चार महिन्यांनी गेली, की घरात कायमचं वाक्य तयार होतं: ऑपरेशन केलं म्हणून गेली. जगभरच्या अभ्यासांत या फ्रॅक्चरनंतर वर्षभरात दगावणाऱ्यांचं प्रमाण साधारण २० ते ३० टक्के आढळतं. आधीचं हृदय, आधीची फुप्फुसं, आधीची अशक्त हाडं घेऊनच ती व्यक्ती पडलेली असते. शस्त्रक्रिया न करता अंथरुणात ठेवलं तर न्यूमोनिया, शय्याव्रण आणि पायात होणारी रक्ताची गुठळी यांची वाट मोकळी होते. म्हणजे एका मृत्यूकडे किंवा न जुळलेल्या एका हाडाकडे बोट दाखवून काहीच सिद्ध होत नाही. इथपर्यंत मी डॉक्टरांच्या बाजूनं पूर्णपणे उभा आहे.

पण हाच युक्तिवाद दोन पावलं पुढे नेला तर तो डॉक्टरांनाच बांधील करतो. 'गुंतागुंत होतच असते' हे वाक्य खरं आहे, पण ते किती वेळा म्हटलं गेलं त्यावर त्याचा अर्थ बदलतो. ठरवून केलेल्या सांधेबदलात शंभरातल्या एखाद-दोघांना खोल जंतुसंसर्ग होणं हे या शास्त्राच्या आजच्या मर्यादेत बसतं. तोच संसर्ग एखाद्या रुग्णालयात शंभरातल्या दहांना होत असेल, तर तिथल्या शस्त्रक्रियागृहाची हवा, निर्जंतुकीकरणाचं यंत्र, अँटिबायोटिक देण्याची वेळ यांपैकी कुठंतरी बिघाड आहे. एकेकटा रुग्ण पाहिला तर ही दोन्ही रुग्णालयं हुबेहूब सारखी दिसतात. दोन्हीकडे डॉक्टर हळहळतात, दोन्हीकडे संमतीपत्रावर 'इन्फेक्शनची शक्यता' असं छापलेलं असतं आणि त्याखाली रुग्णाची सही असते. फरक दिसतो तो फक्त मोजल्यावर. मग न मोजण्याचा फायदा कुणाला होतो? जो सर्जन वर्षानुवर्षं स्वच्छ आणि काळजीपूर्वक काम करतो त्याला तर नक्कीच नाही. त्याची एक शस्त्रक्रिया बिघडली आणि दारावर जमाव आला तर स्वतःच्या बाजूनं दाखवायला त्याच्याकडे काय असतं? भिंतीवरच्या पदव्या आणि लोकांचं चांगलं मत, एवढंच.

न्यायालयं हे काम करू शकत नाहीत. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली आणली आणि २००५ च्या जेकब मॅथ्यू खटल्यात फौजदारी कारवाईसाठी ढोबळ, घोर निष्काळजीपणा सिद्ध व्हायला हवा असं ठरवलं. दोन्ही निकाल मला योग्य वाटतात. पण न्यायालयासमोर एक पाय येतो, एक फाईल येते, आणि वर्षांनंतर निकाल येतो. त्या रुग्णालयातल्या उरलेल्या नव्व्याण्णव पायांचं काय झालं हा प्रश्न तिथं विचारलाच जात नाही.

हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी एका सर्जननं विचारला होता आणि त्याची जबर किंमत मोजली होती. बोस्टनचा अर्नेस्ट कॉडमन, खांद्याच्या विकारांचा मोठा अभ्यासक. त्याची मागणी एवढीच होती की प्रत्येक रुग्णाचा उपचार पूर्ण झाल्यावर पुरेसा काळ थांबून पाहावं की तो बरा झाला का, झाला नसेल तर का नाही, आणि हे उत्तर जाहीर करावं. मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये बढती ज्येष्ठतेनं मिळत असे, निकालांवरून नाही. म्हणून त्यानं १९१४ मध्ये तिथला राजीनामा दिला. १९११ मध्येच त्यानं स्वतःचं छोटं रुग्णालय काढलं होतं. तिथं पाच वर्षांत ३३७ रुग्ण बरे होऊन किंवा न होता घरी गेले, आणि त्यांच्या बाबतीत झालेल्या १२३ चुका त्यानं छापून प्रसिद्ध केल्या. कुठं निदान चुकलं, कुठं हात चुकला, कुठं निर्णय, हे सगळं कारणासकट. जानेवारी १९१५ मध्ये भर सभेत त्यानं एक व्यंगचित्र लावलं: वाळूत तोंड खुपसलेला शहामृग सोन्याची अंडी देतोय आणि डॉक्टरमंडळी ती गोळा करताहेत. शहरातल्या धनिक रुग्णांना सत्य सांगितलं तर अंडी बंद होतील का, असा त्या चित्राचा प्रश्न होता. त्यानंतर वैद्यक मंडळाचं अध्यक्षपद गेलं, हार्वर्डची अध्यापकी गेली. १९४० मध्ये तो वारला, आणि त्याच्या थडग्यावर नावाचा दगड बसायला २०१४ साल उजाडावं लागलं.

कॉडमनचा विचार अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्स या सर्जनांच्या ज्या संघटनेनं उचलला, त्यांची कहाणीही आपल्या कामाची आहे. त्यांनी शंभराहून अधिक खाटांच्या ६९२ रुग्णालयांची पाहणी केली. अगदी किमान निकषांवर उतरली ती फक्त ८९. नापास झालेल्यांत देशातली नामांकित रुग्णालयं होती. ऑक्टोबर १९१९ मध्ये, ही यादी वर्तमानपत्रांच्या हाती लागू नये म्हणून, न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ अस्टोरिया हॉटेलच्या भट्टीत जाळून टाकण्यात आली. बंद दाराआड मोजायचं आणि मोजणी जाळायची, हा मार्ग त्या काळच्या मोठ्या मनाच्या माणसांनीसुद्धा पत्करला. आपल्याकडे निदान जाळायला यादी तरी आहे का?

पुढच्या काळात हाडांच्या शास्त्रानं जी झेप घेतली, तिच्या मुळाशी अपयश उघडपणे मोजणारी माणसं दिसतात. खुब्याचा आधुनिक कृत्रिम सांधा घडवणारे इंग्लंडचे जॉन चार्नली यांनी सुरुवातीला टेफ्लॉनची वाटी वापरली. सुमारे ३०० रुग्णांत ती बसवली गेली आणि काही वर्षांतच झिजून निकामी झाली. चार्नलींनी हे लपवलं नाही. रुग्णांना परत बोलावलं, सांधे स्वतः काढले, आणि १९६२ पासून अतिउच्च रेणुभाराच्या पॉलिएथिलीन या वेगळ्या, टिकाऊ प्लास्टिकच्या वाटीकडे वळले. आज जगभर बसणाऱ्या खुब्यांचा वंश तिथून सुरू होतो. स्वीडननं १९७५ मध्ये गुडघ्यांची आणि १९७९ मध्ये खुब्यांची राष्ट्रीय नोंदवही सुरू केली. ऑस्ट्रेलियानं १९९९ मध्ये, इंग्लंड-वेल्सनं २००३ मध्ये. नोंदवहीत फार काही नसतं: कुणाला, कुठं, कोणत्या बनावटीचा सांधा बसवला, आणि तो पुन्हा बदलावा लागला का.

या साध्या वहीची किंमत काय असते ते एएसआर प्रकरणात कळलं. जॉन्सन अँड जॉन्सनच्या डीप्यू कंपनीचा हा धातूवर धातू घासणारा खुब्याचा सांधा. घासून निघालेले कोबाल्ट आणि क्रोमियमचे कण रक्तात आणि भोवतालच्या मांसात जात, ऊतक मरत, सांधा सैल होई. एकेका सर्जनला वर्षाकाठी असा एखादा रुग्ण दिसला असता आणि त्यानं तो 'गुंतागुंत' म्हणून सोडून दिला असता. ऑस्ट्रेलियाच्या नोंदवहीत मात्र सगळे रुग्ण एकत्र आले आणि हा सांधा इतरांपेक्षा लवकर बदलावा लागतोय हे २००७ पासून दिसू लागलं. डिसेंबर २००९ मध्ये तिथल्या बाजारातून तो मागे घेतला गेला. इंग्लंड-वेल्सच्या नोंदवहीत पाच वर्षांत १२ ते १३ टक्के सांधे बदलावे लागल्याचं निघालं, आणि ऑगस्ट २०१० मध्ये जगभरातून तो परत बोलावला गेला.

आणि भारतात? इथं असे सुमारे ४,७०० सांधे बसवले गेले होते. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनानं याबाबत तक्रार नोंदवली. केंद्रानं २०१७ मध्ये डॉ. अरुण अग्रवाल यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञ समिती नेमली. त्या समितीच्या हाती जे लागलं ते वाचून आजही अस्वस्थ व्हायला होतं: सुमारे ३,६०० रुग्णांचा ठावठिकाणाच लागत नव्हता. शरीरात सदोष धातू घेऊन ही माणसं आपापल्या घरी होती. खुबा दुखतोय तो वयामुळे, असंच त्यांच्यातल्या अनेकांना वाटत असणार. पुढं आर. के. आर्य समितीनं ३० लाखांपासून १ कोटी २३ लाखांपर्यंत भरपाईचं सूत्र ठरवलं, पण जो सापडतच नाही त्याला भरपाई कशी देणार? या प्रकरणात कंपनीवर रोष झाला, तो योग्यच होता. पण कोणत्या रुग्णाच्या खुब्यात काय बसवलं हे सांगणारी एकही बंधनकारक वही देशात नव्हती, या दोषाबद्दल कुणीही रस्त्यावर उतरलं नाही.

आता सर्वांत भारी आक्षेपाकडे वळतो. निकाल जाहीर केले तर सर्जन अवघड रुग्ण टाळतील. हे काल्पनिक भय नाही. न्यूयॉर्क राज्यानं हृदयाच्या बायपास शस्त्रक्रियेतल्या मृत्यूंचे आकडे रुग्णालय आणि सर्जननिहाय प्रसिद्ध करायला सुरुवात केली, तेव्हा हीच तक्रार झाली, आणि ती सगळीच पोकळ नव्हती. गंभीर रुग्णाला घ्यायला सर्जन कचरतात असं हृदयरोगतज्ज्ञ सांगू लागले. पण त्याच राज्यात १९८९ ते १९९२ या काळात, रुग्णाची जोखीम हिशेबात घेऊनही, मृत्यूचं प्रमाण सुमारे ४१ टक्क्यांनी घटलं. या दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या आहेत, म्हणून उपाय नोंदीच्या रचनेत शोधायला हवा. रुग्णाचं वय, मधुमेह, जखमेची प्रत, येईपर्यंत गेलेले तास हे सगळं हिशेबात धरून तुलना करता येते. महामार्गावरचे चिरडलेले पाय घेणारं जिल्हा रुग्णालय आणि ठरवून गुडघे बदलणारं शहरातलं रुग्णालय एका रांगेत उभं करायचं कारणच नाही. आकडे रुग्णालयाचे असावेत, एकट्या सर्जनचे नसावेत. कारण हाड जुळण्यात भूलतज्ज्ञ, परिचारिका, फिजिओथेरपिस्ट आणि निर्जंतुकीकरण करणारा तंत्रज्ञ या सगळ्यांचा वाटा असतो.

हा वाटा किती मोठा असतो ते इंग्लंडमधल्या खुब्याच्या फ्रॅक्चरच्या नोंदवहीनं दाखवलं. २००७ मध्ये ती सुरू झाली. त्या वर्षी फ्रॅक्चरनंतर तीस दिवसांत १०.९ टक्के रुग्ण दगावत होते. २०११ मध्ये ते प्रमाण ८.५ टक्क्यांवर आलं. भरती झाल्याच्या किंवा दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया होणाऱ्यांचं प्रमाण ५४.५ वरून ७१.३ टक्क्यांवर गेलं. या चार वर्षांत सर्जनांच्या हातात काही नवी जादू आलेली नव्हती. वृद्धांच्या आजारांचा तज्ज्ञ पहिल्यापासून सोबत, छत्तीस तासांच्या आत शस्त्रक्रिया, लवकर उभं करणं, पुढचं फ्रॅक्चर टाळण्यासाठी हाडांची औषधं, अशा गोष्टी मोजल्या जाऊ लागल्या आणि त्या पाळणाऱ्या रुग्णालयाला जास्त पैसे मिळू लागले. आपल्याकडे उशीर का होतो? कधी हृदयाच्या इको तपासणीची तारीख मिळत नाही, कधी रक्त मिळत नाही, कधी पैसे जमत नाहीत, कधी मुलगा परदेशातून येईपर्यंत घरचे थांबतात, आणि कधी 'आता या वयात कशाला चिरफाड' म्हणत चार दिवस जातात. प्रत्येक रुग्णाचे तास लिहून ठेवले तर यातलं कुठलं कारण सर्वांत मोठं आहे ते कळेल. आज आपण फक्त अंदाज करतो.

घाई म्हणजेच सगळं, असंही नाही, आणि तेही मोजल्यामुळेच कळलं. १७ देशांतल्या २,९७० रुग्णांच्या, २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत सहा तासांच्या आसपास केलेली शस्त्रक्रिया आणि साधारण एका दिवसात केलेली शस्त्रक्रिया यांत मृत्यूचं प्रमाण जवळपास सारखंच निघालं. मात्र लवकर शस्त्रक्रिया झालेल्यांत भ्रमिष्टपणा कमी होता आणि ते लवकर उभे राहिले. या चाचणीत भारतातली रुग्णालयंही होती. 'आमचे रुग्ण परत येत नाहीत, पाठपुरावा इथं अशक्य आहे' असं म्हणणाऱ्यांसाठी हे उत्तर पुरेसं आहे. ठरवलं तेव्हा आपल्याच रुग्णालयांनी आपल्याच रुग्णांचा तीन महिने माग काढला. गावोगावी मोबाईल पोचलेल्या राज्यात वर्षानं एक फोन करून 'काठीशिवाय चालता का, जखमेतून पाणी येतं का, पुन्हा ऑपरेशन झालं का' एवढं विचारणं खरंच अशक्य आहे?

हाच निकष हाडवैद्यांनाही लागू व्हावा. त्यांच्याबद्दल तुच्छतेनं बोलायचं मला कारण दिसत नाही. लिव्हरपूलचा ह्यू ओवेन थॉमस हाडं बसवणाऱ्यांच्याच घराण्यातला होता, आणि त्याच्या नावाच्या स्प्लिंटनं पहिल्या महायुद्धात मांडीच्या फ्रॅक्चरचे असंख्य सैनिक वाचवले. पण कोपराजवळ मोडलेल्या लहान मुलाच्या हाताला बांबूच्या पट्ट्या आवळून बांधल्या, सूज आत कोंडली, रक्तपुरवठा तुटला, आणि बोटं कायमची आखडली, असे हात आजही अस्थिरोग विभागांत येतात. पट्टी सोडायला काही तासांचा उशीरही पुरतो. हाडवैद्याकडे बरे झालेल्यांच्या गोष्टी गावभर असतात, आखडलेल्या हातांची नोंद कुठंच नसते. मोठ्या रुग्णालयांची जाहिरात यापेक्षा फार वेगळी आहे असं मला वाटत नाही. रोबोट आल्याचे फलक चौकाचौकांत लागतात, पण त्या रोबोटनं बदललेले गुडघे दोन वर्षांनी कसे आहेत हे त्या फलकावर नसतं.

परदेशी आकडे उसने घेऊनही आपलं भागणार नाही. २५ वर्षांनी सुमारे ८२ टक्के कृत्रिम गुडघे टिकलेले असतात, हा दिलासा देणारा आकडा परदेशी नोंदवह्यांतून आलेला आहे. तिथली माणसं मांडी घालून जेवायला बसत नाहीत, उकिडवी बसत नाहीत, भारतीय पद्धतीच्या संडासात रोज गुडघा पूर्ण वाकवत नाहीत. आपल्या गुडघ्यांचं काय होतं हे आपल्या नोंदींतूनच कळेल. इंडियन सोसायटी ऑफ हिप अँड नी सर्जन्सनं २००६ पासून नोंदवही चालवली आहे, त्यातल्या डॉक्टरांचं मनापासून कौतुक करायला हवं. पण ती ऐच्छिक आहे, आणि ऐच्छिक वहीत मुळात काळजीपूर्वक काम करणारेच आधी नाव नोंदवतात.

सरकारला यात हात घालता येत नाही असंही नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्रानं कृत्रिम गुडघ्यांच्या किमतींवर मर्यादा घातली. कोबाल्ट-क्रोमियमच्या नेहमीच्या सांध्याची किंमत जीएसटी वगळून ५४,७२० रुपयांवर आणली. किमतीवर देशभर चर्चा झाली, आणि ती गरजेची होती. गुडघा कितीला, हे विचारलं गेलं. गुडघा टिकला का, हे तेव्हाही विचारलं गेलं नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत रुग्णालयाला पैसे मिळण्यासाठी कागदपत्रं भरावीच लागतात. त्यात इम्प्लांटचा क्रमांक आणि वर्षभरानंतरची चार उत्तरं यांची भर घालणं, आणि मंजूर रकमेचा छोटा हिस्सा ती उत्तरं येईपर्यंत राखून ठेवणं, याला नवा कायदा लागत नाही. पहिली दोन वर्षं नावं जाहीर करू नयेत; रुग्णालयाला फक्त स्वतःचा आकडा आणि राज्याची सरासरी कळावी. तिसऱ्या वर्षी नावासकट.

'रुग्णालयं खोटं भरतील' हा शेवटचा आक्षेप उरतो. काही भरतीलही. पण फसलेल्या सांध्याचा रुग्ण बहुधा पहिल्या रुग्णालयात परत जात नाही, दुसरीकडे जातो. दुसरं रुग्णालय तो सांधा काढेल, तेव्हा काढलेल्या सांध्याचा क्रमांक तेही भरेल, कारण या रचनेत त्याशिवाय त्याला त्याचे पैसे मिळणार नाहीत. पहिल्यानं लपवलेलं अपयश दुसऱ्याच्या नोंदीत सापडतं, आणि यासाठी पहिल्याच्या प्रामाणिकपणावर विसंबून राहावं लागत नाही. स्वीडनची वही जवळपास पन्नास वर्षं याच तत्त्वावर चालली आहे.